लग्नाच्या फोटोत घरही येऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या लग्नसराईच्या पुरवणीत लॉनवर उभारलेल्या ‘वाडा थीम’च्या मांडवांचे रंगीत फोटो पानभर आले होते. प्लायवूडचे खांब, फायबरची महिरप, थर्माकोलचं तुळशीवृंदावन. असे मांडव मीही टिपतो, तो माझा पोटापाण्याचा धंदा आहे आणि ते उभारणाऱ्या कारागिरांबद्दल मला आदर आहे. पण ते पान बघितलं आणि राहवलं नाही. कारण यंदाच्या माघात मी इथे वाईतच एका खऱ्या वाड्यातल्या लग्नाचे फोटो काढले. त्या दिवशी जे पाहिलं ते आपल्या वाचकांपर्यंत पोचावं, विशेषतः ज्यांच्या गावाकडच्या घराला कुलूप आहे आणि ज्यांच्या घरात लग्न ठरतंय त्यांच्यापर्यंत, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, सांभाळून घ्यावं.

माझ्या वडिलांनी 1956 साली वाईत स्टुडिओ काढला. मी 1984 पासून कॅमेरा हातात धरतोय. सुरुवातीला याशिका होता, एका रोलमध्ये बारा फोटो. एका लग्नाला तीन रोल, म्हणजे छत्तीस फोटो. छत्तिसात सीमांतपूजनापासून पाठवणीपर्यंत सगळं बसवायचं, म्हणून बटण दाबण्याआधी माणूस विचार करायचा. आता एका लग्नाला तीन-चार हजार फोटो निघतात.

वाडा मधल्या आळीतला. घराण्याचं नाव देत नाही. त्यांनी मला फोटो काढायला बोलावलं होतं, पेपरात लिहायला नाही. पेशवाईच्या अखेरीला बांधलेला, असं घरचे सांगतात. घडीव दगडाचं जोतं, दिंडी दरवाजा, आत देवडी, मग फरसबंद चौक, चौकाच्या चारी बाजूंना सोपे, सागवानी खांबांवर कोरलेली केळफुलं. मागचा दुसरा चौक दोन पावसाळ्यांपूर्वी खचला, तिकडचा दरवाजा आता फळ्या मारून बंद केलाय. मिळकत पत्रिकेवर चौदा नावं आहेत, पुणे, ठाणे, बडोदा, न्यू जर्सी असे सगळे पांगलेले. राहतात फक्त अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या काकू, त्यांचा एक पुतण्या आणि त्याची बायको.

काकूंच्या नातीचं लग्न ठरलं. मुलगी पुण्यात नोकरीला, मुलगा कोल्हापूरचा. पुण्यात हॉल बघून झाला होता, आगाऊ रक्कम तेवढी द्यायची बाकी होती. पण काकूंचं खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना गाडीत तासभरही बसवत नाही. तेव्हा नात म्हणाली, “आजीला उचलून हॉलवर नेण्यापेक्षा लग्न आजीकडे नेऊया.” मुलाकडच्यांनी एका फोनवर होकार दिला. मला हे सगळं मागाहून कळलं, पण तेव्हापासून त्या कोल्हापूरकर व्याह्यांबद्दल माझ्या मनात मोठा मान आहे.

किती माणसं बोलवायची हे घरानं ठरवलं. खरोखरच घरानं. आमच्या इथले जुने सुतार आहेत, त्यांना आणून माडी दाखवली. त्यांनी तुळया ठोकून, एक-दोन ठिकाणी पोखरून बघितल्या आणि सांगितलं, माडीवर एका वेळी पंधरापेक्षा जास्त माणसं नकोत, आणि तीही भिंतीकडेनं. कडीपाटावर, म्हणजे माडीच्या लाकडी तळावर, मातीचा थर असतो, त्या मातीचंच वजन तुळया शंभर-दोनशे वर्षं पेलत असतात. तुळईचं टोक भिंतीत घट्ट असतं, झोळ पडतो तो मधे. मला वरून चौकाचा फोटो हवा होता. सुतारकाकांनी भिंतीलगत खडूनं एक चौकोन आखून दिला आणि म्हणाले, “याच्या बाहेर पाय टाकायचा नाही.” माडीवर गेलो तेव्हा मी त्या चौकोनातच उभा राहिलो. खाली सोप्यात एका पंगतीला बत्तीस पानं बसत होती. दोन पंगती, म्हणजे चौसष्ट. तेवढीच आमंत्रणं गेली. करोनात 2020 साली सरकारनं पन्नास माणसांची अट घातली, 2021 च्या एप्रिलमध्ये तर पंचवीस माणसं आणि दोन तास, तेव्हा लोकांनी नाइलाजानं लहान लग्नं केली आणि बंधनं उठल्यावर पुन्हा हजार पानं उठायला लागली. इथे कुणाची सक्ती नव्हती.

आणि पैशाचं म्हणाल तर हॉलचं भाडं आणि सजावट यांसाठी जे काढून ठेवले होते त्यात पुढच्या चौकाची सगळी कौलं चाळून झाली, फुटकी बदलली, जुनं वायरिंग काढून नवं घातलं, न्हाणीघराची मोरी बांधली. चुलत भावंडं पंधरा दिवस आधीपासून येऊन राहिली. कुणी फडताळं धुतली, कुणी खांबांना तेलपाणी केलं. बारा वर्षांत एकमेकांशी न बोललेले दोन चुलते एकाच शिडीचे दोन पाय धरून उभे होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं. फोटो काढला नाही. त्यांना अवघडल्यासारखं झालं असतं.

आता माझ्या कामाचं सांगतो, कारण माझ्या तरुण व्यवसायबंधूंनी हे वाचावं अशी मनापासून इच्छा आहे.

वाड्यातला उजेड हॉलसारखा नसतो. तो चौकातून येतो आणि तिथून सोप्यात, सोप्यातून माजघरात असा पायरी-पायरीनं कमी होत जातो. मुहूर्त दुपारी साडेबाराच्या सुमाराचा होता. मी तीन दिवस आधी त्याच वेळी चौकात जाऊन बसलो. माघात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे भरदुपारीही चौकाचा दक्षिणेकडचा भाग सावलीत आणि उत्तरेकडचा लख्ख उन्हात होता. सावलीची रेघ बरोबर चौकाच्या मधून, जिथे बोहलं मांडायचं ठरलं होतं तिथूनच जात होती. म्हणजे अंतरपाटाशी उभं राहिल्यावर अर्धा चेहरा पांढराफेक, अर्धा काळा. गुरुजींना विचारलं, पाट दोन हात दक्षिणेला सरकवले तर चालेल का. त्यांनी हसून होकार दिला. वधूवरांची तोंडं पूर्व-पश्चिमच राहिली, शास्त्राला कुठे धक्का लागला नाही.

दुसरी गोष्ट मांडवाच्या कापडाची. मांडववाला लाल-पिवळं चकचकीत कापड घेऊन आला होता. वर लाल कापड ताणलं की खालची सगळी माणसं लाल दिसतात आणि मग कॉम्प्युटरवर कितीही घासलं तरी हळदीचा रंग हळदीसारखा येत नाही. मी हात जोडून सांगितलं की साधं मांजरपाट ताणा, पांढरं. मांजरपाटातून ऊन गाळून येतं, दुधावरच्या सायीसारखं मऊ. छत्तीस मीटर लागलं. लग्न झाल्यावर ते फेकलं नाही. घरच्या बायकांनी गोधड्यांना अस्तर लावायला वाटून घेतलं.

फ्लॅश मी देवडीतच पिशवीत ठेवून आलो. माजघरात एक जुना पिवळा बल्ब आणि दोन समया होत्या. पुतण्यानं हौसेनं एलईडीच्या माळा सोडल्या होत्या, त्या तेवढ्या बंद करायला सांगितल्या. आपली वीज पन्नास हर्ट्‌झची, त्यामुळे स्वस्तातले एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण फोटोत आडवे पट्टे येतात. ज्यांना दिवे बंद करता येणार नाहीत त्यांनी शटर सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठेवावं, बहुतेक वेळा पट्टे जातात. 35 मिलिमीटरची एक लेन्स, 85 ची एक, दोन्ही f/1.8 पर्यंत उघडणाऱ्या, म्हणजे कमी उजेडातही चालणाऱ्या. दिवसभर एवढ्यावर काम झालं. फोटोला जरा दाणा आला, म्हणजे तो किंचित खरखरीत दिसला, दिसू दे. माजघर अंधारंच असतं, ते फोटोत उजळ दिसलं तर ते माजघर राहत नाही.

एका गोष्टीसाठी मात्र मला वाईटपणा घ्यावा लागला. व्हिडिओसाठी बाहेरून एक मंडळी आली होती. त्यांनी मोठे दिवे लावायला सागवानी खांबाला खिळा ठोकायला घेतला, आणि वरमालेच्या वेळी उडवायला ठिणग्यांचं यंत्रही आणलं होतं. थंड आग म्हणतात त्याला, पण त्या ठिणग्या थंड नसतात. डोक्यावर दोनशे वर्षं वाळलेलं सागवान, बाजूला मांजरपाट, दारात एकच दिंडी. मी यजमानांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. यंत्र गाडीतच राहिलं. ड्रोनही नको म्हटलं. चारी बाजूंनी बंद चौकात त्याचा वारा थेट होमकुंडावर आला असता आणि आवाजात मंगलाष्टकं बुडाली असती. ती मुलं नाराज झाली, पण संध्याकाळी त्यांतलाच एक जण माझ्याजवळ येऊन म्हणाला, “काका, आज माईक न लावता सगळं ऐकू आलं.” चौकात ऐकू येतंच. तो बांधलाच तसा असतो.

मी हे एवढ्या कळकळीनं लिहितोय त्यामागे माझी एक चूक आहे. 1997 सालची. एका मंगल कार्यालयात कन्यादान चाललं होतं. मुलीच्या वडिलांनी पाण्याची धार सोडली, खाली काशाच्या भांड्यात ती पडली, आणि नेमका माझा फ्लॅश पेटला नाही. मी म्हणालो, “काका, परत एकदा.” त्यांनी परत केलं. दुसऱ्यांदा धार सोडताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. पहिल्या वेळी त्यांचा हात थरथरत होता, दुसऱ्या वेळी नाही. फोटो स्वच्छ आला, अल्बममध्ये पानभर लावला, त्यांनी कधी तक्रार केली नाही. आज ते गृहस्थ नाहीत. मुलीकडे वडिलांचा कन्यादानाचा जो फोटो आहे तो कन्यादानाचा नाही, हे फक्त मला माहीत आहे. त्या दिवसापासून मी कुठल्याही विधीत ‘परत एकदा’ म्हणत नाही. आज मात्र हॉलमध्ये गुरुजींनाच थांबवतात, अंतरपाट वर-खाली करायला लावतात, आणि पाहुण्यांना दिसतात त्या फक्त आमच्या पाठी.

वाड्यात बोहल्याला स्टेज नव्हतं. सगळे एकाच फरशीवर. मी तुळशीवृंदावनाला टेकून मांडी घालून बसलो. कॅमेऱ्याचा आवाज बंद केला. अर्ध्या तासात लोक मला विसरले.

सकाळी माजघरात मुलगी गौरीहरापाशी बसली होती. अष्टपुत्री नेसलेली, कपाळाला मुंडावळ्या, समोर पाटावर आईकडून आलेली चांदीची अन्नपूर्णा. चिमटीनं अक्षता वाहत ती ‘गौरी गौरी सौभाग्य दे’ पुटपुटत होती. शेजारी लहान चुलतबहीण, सहा वर्षांची, तिचं बघून स्वतःच्या बाहुलीवर तांदूळ वाहत होती. कोनाड्यात समई, तिच्यावरची भिंत वर्षानुवर्षांच्या काजळीनं काळी. सफेदी देताना घरच्यांनी तेवढा कोनाडा तसाच सोडला होता. काकूंनी सांगितलं होतं, “ती काजळी माझ्या सासूबाईंची आहे, पुसू नका.”

खुद्द काकूंना चौकात आणता येत नव्हतं. माजघर आणि सोपा यांच्यामध्ये दोन उंच पायऱ्या आहेत. खुर्चीवर बसवून उचलून आणू, असं मुलं म्हणाली, तर त्यांनी साफ नकार दिला. “मी या घरातली सगळी लग्नं माजघराच्या दारातून पाहिलीत, हेही तिथूनच बघेन.” दाराशी पाट ठेवला, पाठीला लोड दिला. मुहूर्ताला पाच मिनिटं असताना मी तुळशीपासून उठलो आणि मागल्या बाजूनं माजघरात शिरलो. का ते सांगता येणार नाही. काकूंच्या मागे उभा राहिलो. पुढे अंधारात त्यांचं डोकं, पांढऱ्या केसांचा लहानसा अंबाडा, त्यात खोवलेलं अबोलीचं एक फूल. त्यापलीकडे दाराची चौकट, चौकटीत सोप्याचे दोन खांब, आणि खांबांच्या मधोमध चौकाच्या उजेडात पांढरा अंतरपाट, त्यावरचं कुंकवाचं स्वस्तिक. मामा भाचीला घेऊन आला. शेवटचं मंगलाष्टक संपलं, ‘सावधान’ झालं, अक्षता उडाल्या. त्याच क्षणी काकूंनी बसल्या जागेवरून हात उचलून मुठीतल्या अक्षता टाकल्या. त्या पोचायचा प्रश्नच नव्हता, समोरच्या पायरीवर पडल्या. हात वर, बोटं उघडलेली, अक्षता अजून हवेत, पलीकडे अंतरपाट खाली येतोय. एकच फोटो मिळाला.

बेचाळीस वर्षांत माझ्या हातून झालेलं ते सगळ्यांत चांगलं काम आहे, असं मला वाटतं. घरच्यांना आधी तो पसंत पडला नाही. काकूंचं तोंड दिसत नाही, पाठच दिसते, असं थोरला मुलगा म्हणाला. काकूंनी फोटो हातात घेतला, चष्मा वर केला, डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाल्या, “मी काय बघत होते ते आलंय की. माझं तोंड कशाला हवंय?” त्यांनी तो फ्रेम करून माजघरातच लावलाय.

नंतर लाजाहोम झाला. चौकाला वर आभाळ असल्यामुळे धूर डोळ्यांत जात नव्हता, सरळ वर जात होता. मांजरपाटाच्या जोडांतून उन्हाचे पट्टे धुरात उतरले होते आणि सप्तपदीला दोघं त्या पट्ट्यांतून चालत होते. हॉलमध्ये हाच परिणाम साधायला धुराचं यंत्र लावतात. जेवणं सोप्यात, पाट मांडून. विहिणींच्या पंगतीला उखाणे झाले. कोल्हापूरच्या एका मावशींनी पांढरा रस्सा नाही म्हणून लटका राग धरला तेव्हा सगळा सोपा हसला. पंगतीच्या फोटोंत मला खांब फार उपयोगी पडले. खांबाआड उभं राहिलं की जेवणाऱ्याला संकोच वाटत नाही.

एक फोटो मात्र मी ठरवून काढणार होतो, तो राहिला. वडिलांच्या पेटीत मला एक निगेटिव्ह सापडली होती. काकू नव्या नवरीच्या वेशात याच वाड्याच्या दिंडी दरवाजात, माप ओलांडून झाल्यावरची. माझ्या वडिलांच्या सुरुवातीच्या कामातली. पाठवणीच्या वेळी नातीला त्याच दारात तसंच उभं करावं, दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावावेत, असा माझा बेत होता. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, “नको रे बाळा, उंबऱ्यात उभं राहू नये. तुझ्या वडिलांनीही मला उभं केलं नव्हतं, मी चालत होते.” मी निगेटिव्ह पुन्हा भिंगाखाली धरून बघितली. खरंच, लुगड्याच्या निऱ्या हललेल्या आहेत. इतकी वर्षं मी तो उभा राहून काढून घेतलेला फोटो समजत होतो.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगल्यावर मी परत गेलो. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण घराचे फोटो काढायचे होते. प्रत्येक खोली चारी कोपऱ्यांतून, मग वरचा कडीपाट, खालची जमीन, दारं, कड्याकोयंडे, कोनाडे. प्रत्येक खोलीत एक माणूस उभा केला, म्हणजे दार किती बुटकं आणि तुळई किती जाड ते कळतं. काकू पाटावर बसून सांगत होत्या आणि त्यांची नातसून वहीत लिहीत होती. ही बाळंतिणीची खोली, इथे नवरीचे वडील जन्मले. हे बळद, यात धान्य असायचं, बेचाळीसच्या चळवळीत यात एकाला दोन रात्री लपवला होता असं सासरे सांगायचे. या कोनाड्यात दासबोध. या फडताळात औषधं, लहान मुलांचा हात पोचू नये म्हणून उंच. असे चाळीस फोटो आणि चाळीस नोंदी झाल्या. लग्नाच्या अल्बमला शेवटी ही पानं जोडली. न्यू जर्सीच्या चुलत्यांनी तीच पानं आधी मागवली.

शनिवारवाडा आपल्या सगळ्यांच्या मनात आहे. 1730 च्या जानेवारीत पाया घातला, 1732 च्या जानेवारीत वास्तुशांत झाली, आणि 1828 च्या आगीत आतलं सगळं जळालं. छायाचित्रणाची कला जगासमोर आली 1839 साली. अवघ्या अकरा वर्षांची चुकामूक. म्हणून आज आपण नुसत्या जोत्यांमधून फिरतो आणि वर काय होतं ते मनानं रचतो. तेव्हा कॅमेरा नव्हता, इलाज नव्हता. आज घरटी चार कॅमेरे आहेत आणि तरी आमच्या आळ्यांमधले वाडे एकही धड फोटो मागे न ठेवता जमीनदोस्त होतात. मी अशा कितीतरी लोकांना भेटतो, ज्यांच्याकडे आजोळच्या घराचा फोटो म्हणजे कुणाच्या तरी मुंजीत बटूच्या मागे आलेला अर्धा खांब.

वडील एक आठवण सांगायचे. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, त्यानंतर काही महिन्यांनी पुण्याच्या नारायण पेठेतलं एक जोडपं वाईला आलं. घर गेलं होतं, सामान गेलं होतं. लग्न वाईला लागलं होतं आणि फोटो वडिलांनी काढले होते. त्यांना ते परत हवे होते. वडिलांनी पेटी उघडली. निगेटिव्हांच्या पाकिटांवर ते आळी, तिथी आणि साल लिहायचे. रात्री बसून सगळ्यांच्या प्रती काढल्या, पैसे घेतले नाहीत. ती बाई एकेक फोटो बघताना नवऱ्याकडे किंवा स्वतःकडे नाही, तर मागच्या भिंतीकडे बोट दाखवत होती, असं वडील सांगायचे. “ही आमची खुंटी, हे आमचं घड्याळ.” तिचं माहेरही तोवर विकलं गेलं होतं.

आमच्यापासून हाकेच्या अंतरावर मेणवली आहे. नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेचा देखणा घाट, आणि चिमाजी अप्पांच्या 1739 च्या वसईच्या विजयानंतर आलेली ती मोठी घंटा. सिनेमावाले येतात तसे आता लग्नाआधीचे फोटो काढायला पुण्या-मुंबईहून जोडपी येतात. मीही त्यांना घेऊन जातो. घाटाच्या पायऱ्यांवर सुंदर फोटो येतात, नाही कशाला म्हणू. पण मी प्रत्येक जोडप्याला एक प्रश्न विचारतो, तुमचं स्वतःचं घर कुठे आहे? आजोबांचं? दहांतले सात जण एखाद्या गावाचं नाव घेतात. भोर, वडूज, पैठण, मालवण, बेळगाव. घर आहे, पण बंद आहे, म्हणतात. मी सांगतो, एक दिवस कुलूप काढा, अंगण सारवून घ्या, मला एसटीचं भाडं द्या, मी येतो.

माझं म्हणणं सगळ्यांनी वाड्यातच लग्न लावावं असं नाही. वाडे किती जणांचे असणार. पण चाळीतली खोली असेल, कोकणातलं मातीचं घर असेल, तीन खोल्यांचं कौलारू असेल, ज्या घरात आई-वडील लहानाचे मोठे झाले तिथे मावतील तेवढ्याच माणसांत लग्न लावून बघावं. बाकीच्यांना नंतर जेवायला घाला, हवं तर हॉल घ्या. तुळया मात्र आधी जाणत्या सुताराला दाखवा, वायरिंग तपासून घ्या, आणि आगीचा खेळ करू नका. जिथे लग्न शक्य नाही तिथे निदान केळवण किंवा देवक तरी त्या घरात करावं, म्हणजे चार माणसं चार तास तिथे वावरतील आणि फोटोत घर येईल ते वापरातलं येईल. रिकाम्या घराचा फोटो मी कितीही जीव ओतून काढला तरी पंचनाम्यासारखा दिसतो.

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती. वाचकांकडून घरातल्या लग्नांचे जुने फोटो मागवा आणि दर रविवारी एक छापा. खाली नवराबायकोच्या नावांबरोबर गाव, आळी, साल आणि मागे दिसतंय ते घर आज आहे की नाही, एवढं लिहा. सुरुवातीला माझ्या वडिलांच्या पेटीतले फोटो मी देतो. त्या-त्या घरच्यांना विचारूनच देईन. आणि ज्यांच्याकडे जुन्या निगेटिव्हा पडून आहेत, पण आता त्या धुवायला-छापायला कुठे जायचं ते कळत नाही, त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत वाईला येताना बरोबर आणाव्यात. रविवारी सकाळी मी स्टुडिओत असतो. स्कॅन करून देईन, पैसे घेणार नाही. फक्त घरातलं कुणी वडीलधारं असेल तर त्यांनाही घेऊन या. फोटोतली खुंटी कुणाची ते तेच सांगू शकतील.

आपला,
एक छायाचित्रकार
गणपती आळी, वाई (जि. सातारा)